ती झोप धुळीची होती

मत्तीकेरे, बंगळूर
संक्रांतीनंतरचा रविवार, १९९७

ती. सौ. वन्सं यांना सुनंदाचा वाकून नमस्कार. (अगदी खरोखर वाकून. लिहायला बसले तेव्हा पेन पलंगाखाली गडगडत गेलं, ते काढताना म्हटलं, वाकलोच आहोत तर हा नमस्कार तुमच्या नावे करून टाकावा.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत अजून धरतो का? इकडची थंडी गुडघ्यापर्यंत पोचत नाही, कानाशीच थांबते, त्यामुळे आईंनी डोक्याला मफलर आणि पाय उघडे अशी तडजोड केली आहे. बाकी त्यांची प्रकृती उत्तम. लेकीचं पत्र का येत नाही हे मला सकाळ-संध्याकाळ विचारतात आणि मी टपालखात्यावर ढकलते. टपालखातं बिचारं किती दिवस पुरणार.

वन्सं, शाल्मलीच्या साखरपुड्यापासून तुम्ही आमच्यावर रागावला आहात हे मला माहीत आहे, आणि तो राग वाजवी आहे. मुलीचा सख्खा मामा म्हणून ज्यांना मानानं व्याह्यांच्या शेजारी बसवलं, त्यांनी व्याही आपल्या नोकरीची हकिगत सांगत असताना त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून झोपावं, वर त्यांच्या नव्या कोऱ्या जाकिटावर लाळेचा डाग पाडावा, हे आठवलं की अजून माझा पदर तोंडाशी जातो. (व्याही सज्जन. त्यांनी हकिगत थांबवली नाही आणि खांदाही काढून घेतला नाही. शाल्मली चांगल्या घरी पडली.) तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात की बंगळूरला जाऊन बिंदू पार आळशी झाला, आणि बायकोनं लाडावून ठेवलं की असंच व्हायचं. मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, सून शहाणी आहे. पण वन्सं, त्या वेळी मलासुद्धा डुलकी लागली होती, आणि तुमचं बोलणं मला अर्धवटच ऐकू आलं. उरलेलं मला नंतर आईंनी सांगितलं.

ही झोप कुठून आली ते आता कळलं आहे, आणि ते शोधून काढणाऱ्या बाईंबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सगळं वाचा. मधे कणीक भिजवायला उठू नका.

तुमचे धाकटे बंधू लहानपणापासून कसे होते ते मी तुम्हाला काय सांगणार. पहाटे उठून सगळ्या घराला उठवणारा माणूस. लग्नानंतर मी माहेरी तक्रार केली होती ती हीच, की हे झोपू देत नाहीत. (आईनं भलताच अर्थ काढला.) तो माणूस औषधांच्या कारखान्यात सर्दीच्या गोळ्यांच्या खात्यावर सुपरवायझर झाला आणि काही महिन्यांत त्याचं गाठोडं झालं. कारखाना इथून जवळच, यशवंतपूरच्या पलीकडे. सर्दीच्या त्या गोळीनं नाक थांबतं आणि माणूस पेंगतो, म्हणून ‘ही घेतल्यावर वाहन चालवू नये’ असं पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ती अक्षरं नीट उमटली आहेत की नाहीत हे पाहणं यांच्याच कामात येतं. ते पाहून हे रोज संध्याकाळी स्कूटरवर बसून घरी येत.

काय काय सांगू. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून झोपले. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट मला आजवर मिळाला नव्हता. वाढदिवसाला नाटक बघायला गेलो, तर पडदा उघडण्याआधीच यांचं आटोपलं होतं. एका संध्याकाळी यशवंतपूरच्या बाजाराजवळ स्कूटर सरळ जायच्या ऐवजी हळूच डावीकडे वळली आणि कांद्याच्या पोत्यांत शिरली. मी मागे बसले होते. मला खरचटलं, यांना काहीच झालं नाही. कांदेवाल्यांनी यांना उचलून पोत्यांवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं, तर हे कूस बदलून पुन्हा झोपले. त्यातला एक म्हातारा मला कन्नडमध्ये म्हणाला की बाई, घाबरू नका, ह्यांना काही लागलेलं नाही, ह्यांची झोप झालेली नाही. मी त्याला कसं सांगणार की ह्यांना झोपेशिवाय दुसरं काहीच होत नाही. त्या दिवसापासून मात्र मी मनातून घाबरले. हसण्यावारी न्यायचे दिवस संपले असं वाटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, रोज फिरायला जा म्हणाले. हे बागेत फिरायला जात आणि मी त्यांना बाकावरून उठवून आणायला जात असे.

त्यात घरातही निराळंच सुरू झालं होतं. मला दुपारी भाजी निवडताना झोप येई. आईंना तुम्ही ओळखता, दुपारी डोळा लागलेला मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता, त्या बाल्कनीत खुर्ची टाकून जप करायला बसत आणि माळ मांडीवर ठेवून घोरू लागत. आम्हाला आनंद झाला. इथली हवा मानवली म्हणालो.

कारखान्यात कोणी आनंदी नव्हतं. सगळं खातंच पेंगत असे, आणि बाकीचे लोक त्या खात्याला ‘बेडरूम’ म्हणत. मॅनेजर प्राणेश नावाचे गृहस्थ आहेत. ताठ, वेळेचे पक्के, मिशी कातरून सरळ रेषेत ठेवणारे. (वाईट नाहीत. पुढे कळेलच.) त्यांना झोप म्हणजे शिस्त मोडणं वाटे. त्यांनी आधी समज दिली, मग लेखी समज दिली, मग चहा वाढवला. श्रावणात परदेशी खरेदीदारांकडचे पाहुणे आले. त्यांना यंत्राची माहिती द्यायचं काम यांच्याकडे होतं, आणि हे बोलता बोलता, उभ्याउभ्या, वाक्याच्या मध्यात झोपले. म्हणे ‘अँड’पर्यंत आले होते.

प्राणेशांचा चेहरा काळवंडला. पण पाहुण्यांपैकी एकानं यांच्याकडे नीट पाहिलं, मग खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोट पांढरं झालं ते सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, ही माणसं यातलं रोज किती श्वासात घेतात? प्राणेश म्हणाले, साहेब, खोली दिवसातून तीनदा झाडतो. तो म्हणाला, झाडता किती ते विचारलं नाही मी, श्वासात किती जातं ते विचारलं. आणि वन्सं, एवढ्या मोठ्या कारखान्यात, जिथे गोळीतलं औषध केसाच्या टोकावर तोलतात, तिथे हे कोणालाच सांगता आलं नाही. पाहुणे गेल्यावर प्राणेशांनी दोन गोष्टी केल्या. यांना नोटीस दिली, की झोपेचा समाधानकारक खुलासा करा, नाहीतर नोकरी सोडा. आणि हवेतली धूळ मोजणाऱ्या बाईंना बोलावणं धाडलं. नोटीस वाचून हे रात्रभर जागे राहिले. त्या काळातली ती एकच रात्र.

त्या बाई म्हणजे अनुसूयाक्का. पन्नाशी उलटलेल्या, उंच, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांचं घराणं तीनशे वर्षांमागे इकडे येऊन राहिलं, ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्यासारखी नाही. जुन्या पेटीतल्या लुगड्यासारखी मराठी आहे ती, आणि जिथे विरली आहे तिथे कन्नडची ठिगळं. मला पहिल्या भेटीत म्हणाल्या, “सुनंदा, स्वल्प पाणी दे की मा, घसा कोरडा पडून गेला.” आयुष्य त्यांनी धूळ मोजण्यात घालवलं आहे. आधी दगडाच्या खाणी, मग सूतगिरण्या. एखाद्या खोलीत शिरल्या की आपण भिंतीवरची चित्रं बघतो तशा त्या हवा बघतात.

मोजायची रीत अशी. कमरेच्या पट्ट्याला साबणाच्या मोठ्या वडीएवढी एक पेटी लावायची. ती घूं घूं करत दिवसभर थोडी थोडी हवा ओढते. तिच्यातून नळी निघून खांद्यावरून पुढे येते, आणि नाकाजवळ, कॉलरला, बुचाएवढी डबी अडकवतात. डबीत गोल पांढरा कागद असतो. तो सकाळी तोलायचा, संध्याकाळी तोलायचा. जे वजन वाढलं ती धूळ, आणि पेटीनं हवा किती ओढली ते माहीत असतं, म्हणजे माणसाच्या नाकापुढे किती धूळ होती ते कळतं. मग कागद प्रयोगशाळेत नेऊन त्यात औषध किती आणि नुसती भुकटी किती तेही काढतात. किती सोपं आहे बघा. नाकात काय जातं ते कळायला नाकापाशी जाऊन मोजायचं. हे ज्याला सुचलं असेल त्याला मी नमस्कार करते.

आता तुमच्या बंधूंचा पराक्रम. त्यांची समजूत अशी झाली की ही पेटी प्राणेशांनी झोप पकडायला आणली आहे. माणूस घोरला की हिच्यात नोंद होते म्हणे. (ही कल्पना खात्यातल्या कोणीतरी भरवली. कोणी ते हे अजून सांगत नाहीत.) म्हणून पेटी लावल्याबरोबर त्यांनी कॉलरची डबी शर्टाच्या आत, बनियनमध्ये सरकवली आणि वर बटण लावलं. शिवाय एरवी स्वतःच्या हातानं यंत्रात ओततात त्या भुकटीपाशी गेलेच नाहीत. दिवसभर बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालून जागे राहिले. आकडा आला तो एवढासा. प्राणेश म्हणाले, झालं, हवा स्वच्छ आहे, म्हणजे माणूसच आळशी आहे. दोन दिवसांत पगार घेऊन जा.

घरी येऊन यांनी मला हे सांगितलं तेव्हा हे जागे होते आणि मी रडत होते. आईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या धुरानं तिघंही खोकलो. तेवढ्यात दार वाजलं. अनुसूयाक्का उभ्या होत्या, हातात तोच कागद, चिमट्यात धरलेला.

“बिंदुमाधवराव,” त्या म्हणाल्या, “ह्या कागदावर दोरे आहेत. भिंगाखाली पाहिलं मी. पांढऱ्या सुताचे, विणीचे. माझ्या मशीननं काल दिवसभर तुमचं बनियन मोजलंय.”

हे खाली बघू लागले.

“डबी आत का घातली?”

“झोपेचं कळेल म्हणून.”

“कुणाला कळेल? हिला?” त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. “ही हवा ओढते. झोपलात तरी ओढते, जागे असलात तरी ओढते. तुमचं काय चाललंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. सरी, ठीक. प्राणेशांना मी सांगितलंय की हा आकडा मी मानत नाही. उद्या परत लावायची, आणि रोजचं काम रोजच्यासारखं करायचं. झोप आली तर झोपा.”

एवढं सांगून त्या निघाल्या असत्या, पण मी रडणं लपवायला बाल्कनीत गेले होते आणि काहीतरी करत असल्याचं दाखवावं म्हणून यांचा कारखान्यातला शर्ट कठड्यावर झटकत होते. रोज झटकतेच, झटकल्याशिवाय भिजवला तर बादलीत पांढरा गाळ बसतो. अनुसूयाक्का दारात थबकल्या. आईंच्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हे रोज करतेस?”

“रोज.”

“आणि ही खुर्ची?”

“आईंची. दुपारी इथेच बसतात. आताशा झोपही छान लागते त्यांना.”

अनुसूयाक्कांनी पिशवीतून दुसरी पेटी काढली आणि माझ्या कमरेला बांधली. वन्सं, लग्नात कमरपट्टा बांधला होता तेव्हा मला एवढं ताठ उभं राहावंसं वाटलं नव्हतं. तो आठवडाभर मी पेटी लावून शर्ट झटकले, धुतले, वाळत घातले. दूधवाल्यानं विचारलं, आईंनी त्याला सांगितलं की सूनबाई सरकारी कामावर आहे.

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा यांचा आकडा जो आला तो ऐकून प्राणेश खुर्चीत बसले. अनुसूयाक्कांनी मला समजेल असं सांगितलं: तुझा नवरा दर पाळीला, न मागता, पाण्याशिवाय, ती सर्दीची गोळी घेतोय, आणि एकावर थांबत नाही. त्या दिवशी मी माझाही आकडा विचारला. यांच्याहून पुष्कळ लहान, पण होता. कारखान्याची पायरी न चढता मला तो मिळाला होता. आईंना मोजायचं राहिलं याचं आईंना वाईट वाटलं.

तरी प्राणेशांचं मन मानेना. आकडा कागदावरचा, डोळ्यांना खोली आरशासारखी दिसते. अनुसूयाक्का म्हणाल्या, आयुधपूजेच्या दिवशी मला ती खोली द्या. त्या दिवशी इकडे सगळे कारखाने यंत्रं धुऊन, झेंडू बांधून बंद ठेवतात आणि घरच्या माणसांना बघायला बोलावतात, म्हणून मीही गेले होते. आम्ही बायका काचेच्या बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिलो. आत प्राणेश, हे आणि अनुसूयाक्का. औषध नको म्हणून त्यांनी पिंपात दुधाची साखर आणवली होती, गोळीत औषधाबरोबर जी भर घालतात ती.

प्रथम त्यांनी एक उदबत्ती लावली आणि देवापुढे न लावता दरवाजाच्या फटीशी धरली. धूर आतून सरळ बाहेर आला, आणि बाहेर यांचं टेबल आहे तिकडे गेला. प्राणेश म्हणाले, बाहेरची घाण औषधात येऊ नये म्हणून आम्ही मुद्दाम खोलीतली हवा बाहेर ढकलतो. “औषध स्वच्छ राहिलं,” अनुसूयाक्का म्हणाल्या, “माणूस राहिला नाही.” मग दिवे घालवायला सांगितले, पलीकडच्या खिडक्यांचे पडदे ओढले आणि एक जोरदार टॉर्च बाजूला ठेवून लावला. यांना म्हणाल्या, रोज भरता तसं भरा.

वन्सं, कवडसा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. स्वयंपाकघरात सकाळी उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात कण नाचताना दिसतात, पोरं ते धरायला जातात. तसंच, पण कितीतरी दाट. यांनी पिंपात खोरं घातलं, उचललं, यंत्राच्या तोंडात ओतलं, आणि त्या उजेडात पांढरा लोट उठला. तो वर आला, यांच्या छातीपाशी जरा थांबला, मग चेहऱ्याभोवती वळसा घेऊन नाकात शिरताना मला दिसला. दिसला म्हणजे अगदी श्वासागणिक आत जाताना दिसला. बाजूला उजेड नाही तिथे काहीच नव्हतं, स्वच्छ काळोख. दीड वर्ष मी या माणसाला उठवत होते, ओरडत होते, तोंडावर पाणी मारत होते. काचेला हात लावून उभी राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी बोटानं आत दाखवलं.

प्राणेश आत म्हणत होते, हे जोरात ओततात म्हणून होतं, हळू ओतलं पाहिजे. अनुसूयाक्कांनी खोरं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कोट काढला, बाह्या सावरल्या, आणि बाळाला आंघोळ घालावी तितक्या हळू साखर ओतली. तोच लोट. तसाच उठला, तसाच थांबला, आणि त्या सरळ रेषेतल्या मिशीत जाऊन बसला. प्राणेशांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि ते टॉर्चपुढे धरलं. मग म्हणाले, “दिवे लावा.” दिवे लागल्यावर पुन्हा सगळं चकचकीत. तेव्हा म्हणाले, “नको. घालवा परत.” आणि पुन्हा बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः खात्यात आले, सगळ्यांसमोर यांच्याकडून नोटीस परत मागून घेतली आणि हात जोडले. एवढ्या ताठ माणसाला हे सोपं गेलं नसेल. म्हणून मी वर लिहिलं की वाईट नाहीत.

मग दोन-अडीच महिने काम चाललं. आता पिंपापासून यंत्रापर्यंत बंद नळी आहे, भुकटी उघड्यावर येतच नाही. जिथे पिंप उघडावंच लागतं तिथे एक कोनाडा केला आहे. त्यात वरून हवा हळू खाली येते आणि पायापाशी ओढून घेतली जाते, म्हणजे धूळ उठली तरी नाकाकडे न येता खाली जाते. केरसुणी कायमची गेली. (झाडलं की बसलेली धूळ पुन्हा उठते म्हणे. हे ऐकल्यापासून मी घरात ओलं फडकंच वापरते.) खोलीतली हवा आता बाहेर न येता बाहेरचीच आत ओढली जाते, आणि ती आधी गाळून घेतात म्हणून औषधही बिघडत नाही. कारखान्याचे कपडे कारखान्यातच राहतात, तिथेच धुतात, आणि हे अंघोळ करून घरी येतात. अनुसूयाक्कांनी परत पेट्या लावल्या. आकडा आला तो खरोखर एवढासा आला, आणि या वेळी त्यांनी भिंगाखाली सूत आहे का ते आधी पाहिलं.

त्या खात्यातले लोक आता दुपारी कॅरम खेळतात. ‘बेडरूम’ हे नाव गेलं. मी अनुसूयाक्कांना पुरणपोळीवर बोलावलं आणि विचारलं की अक्का, तुमचं एवढं कौतुक व्हायला हवं, कुठे काही छापून का येत नाही? त्या म्हणाल्या, “काय छापणार? काही झालं नाही, असं?” आणि चौथी पोळी घेतली. ही बाई आपली कोणीतरी असती तर किती बरं झालं असतं असं मला वाटत राहतं. तोलून बोलते, तोलून वागते, जेवते मात्र मोकळ्या हातानं.

तर वन्सं, साखरपुड्यात तुमचा भाऊ आळसानं झोपला नव्हता. तो बिचारा औषध घेऊन आला होता. व्याह्यांनाही एवढं कळवा, आणि जाकिटाच्या धुलाईचं आम्ही लग्नात निराळ्या प्रकारे भरून काढू. आईंना तुमच्या अक्षरात चार ओळी वाचायच्या आहेत. भाऊजींना नमस्कार, शाल्मलीला आशीर्वाद.

तुमची
सुनंदा

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण जागा झालेला नवरा कसा असतो हे मी विसरले होते. पाचला उठतात. डबे उंचीप्रमाणे लावतात. आईंशी गीतेवर वाद घालतात, आणि आईही आता दुपारभर जाग्या असल्यामुळे वाद संपत नाही. मी अनुसूयाक्कांना विचारलं, थोडीशी भुकटी रविवारपुरती मिळेल का. त्या हसल्या नाहीत.

ता. क. दुसरा. अनुसूयाक्कांना सांगलीचा गणपती बघायची फार इच्छा आहे. तिकडे त्यांच्या ओळखीचं कोणी नाही. चार दिवस तुमच्याकडे उतरल्या तर चालेल ना? काही लागत नाही त्यांना. सकाळी कॉफी मात्र लागते, चहा चालत नाही.

ता. क. तिसरा. वन्सं, गणपतीचं मी रचून सांगितलं. त्यांना सांगलीत काही काम नव्हतं, ते मीच काढलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी भाऊजींच्या हळदीच्या गिरणीत गेले होते. आत सगळं पिवळं होतं, भिंती, माणसं, भाऊजींच्या पापण्या. मला तेव्हा ते सुंदर वाटलं होतं. आता डोळ्यांपुढे येतं तेव्हा त्या खोलीत टॉर्च लावलेला दिसतो. भाऊजी रात्री खोकत होते, तुम्ही उठून त्यांना पाणी दिलंत, मी भिंतीपलीकडे ऐकत होते. पेटी कमरेला लावू द्या त्यांना, एवढंच मागणं आहे. हळद औषधी असते हे ते सांगतीलच. तेही अक्कांना माहीत आहे.

ता. क. चौथा. तुमच्या उत्तराची वाट पाहायला हवी होती, पण तुम्ही पत्राला पत्र घालत नाही म्हणून थांबले नाही. अनुसूयाक्का गुरुवारी मिरजेला उतरतील. खोकला कधीपासून आहे असं त्या भाऊजींना विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या.